साठांतला एक हात

मी तीनदा निवडून आलेली नगरसेविका आहे, आणि या शहरात माझ्यापेक्षा माझ्या धाकट्या बहिणीचं जास्त चालतं. हे मी दातओठ खातच सांगतेय, उगाच मोठेपणाचा आव नाही. मागच्या वेळी मला चार हजार एकशे बारा मतं पडली. त्यासाठी किती जिने चढले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. आणि ती? कपडे शिवते. सोळा वर्षं एकाच घरी जाऊन एकाच बाईचे कपडे शिवते.

ती बाई म्हणजे मौनीची बायको. मौनी हे लोकांनी ठेवलेलं नाव. शहरातली निम्मी बांधकामं त्याची, दोन वर्तमानपत्रं त्याची, पण चारचौघांत त्यानं तोंड उघडलेलं कोणी पाहिलं नाही. उघडेल कशाला? निवडणुकीत आमच्या पक्षाचा खर्च तो करतो आणि समोरच्यांचाही तोच. कोणीही जिंको, त्याच्या घरचंच कार्य.

धाकटीचं लहानपणापासून हे असंच. मी मान मोडून अभ्यास करायची, वर्गात पहिली यायची, आणि पाहुणे येऊन गाल हिचे ओढायचे. मी तोंड फुगवलं की आई म्हणायची, "अगं, लहान आहे ती." लहान लहान म्हणता पन्नाशीला टेकली, तरी लहानच!

तर झालं असं. माझ्या वॉर्डात सरकारी प्रसूतिगृह आहे, बावीस खाटांचं. त्याला लागून मौनीचं नवं हॉस्पिटल उभं राहिलं आणि गाड्या लावायला जागा पुरेना. लगेच नगरसभेत ठराव आला, की प्रसूतिगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवावं. दुसरं टोक म्हणजे दोन बस बदलून. कळा सुरू झालेल्या बाईनं दोन बस बदलायच्या! ठराव आणणाऱ्याला एकदा तरी बाळंत करायला हवं होतं.

साठ सभासद. ठराव पाडायला एकतीस हात हवेत. मी मतं फोनवर मागत नाही. माणसाच्या घरी जाते, चहा होईपर्यंत बसते आणि त्याच्या बायकोसमोर शब्द घेते. बायकोदेखत दिलेला शब्द पुरुष सहसा मोडत नाही, नाहीतर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. दीड महिना मी हेच केलं. सभेला आठवडा उरला तेव्हा वहीत सव्वीस नावं होती. पाच कमी.

त्या दिवशी धाकटी घरी आली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "ताई, बाईसाहेबांच्या कानावर घालू का?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "खबरदार!" म्हटलं. "मी लोकांच्या मतांवर आलेय. कोणाच्या बायकोच्या मेहेरबानीवर नाही. प्रसूतिगृहाचं नावसुद्धा काढशील तर माझ्याशी गाठ आहे."

"बरं बाई, नाही काढत," ती म्हणाली आणि माझी उसवलेली बाही शिवायला घेतली.

खरं सांगू? तत्त्वबित्त्व राहू दे बाजूला. ती एका वाक्यात करेल ते मला दीड महिन्यात जमलं नाही, हेच मला सहन होत नव्हतं.

सभेच्या दिवशी मी बोलायला उभी राहिले. बावीस खाटा, दोन बस, सगळं सांगून खाली बसले. मग अध्यक्षांनी विचारलं, "ठरावाच्या विरोधात कोण?" आणि हात वर जायला लागले. माझ्या वहीतले गेले, वहीत नसलेले गेले, ज्यानं ठराव आणला होता त्याचाही गेला! सत्तावन्न हात. मी बघतच राहिले. वाटलं, बोलले बाई मी आज! प्रसूतिगृहातल्या परिचारिका गॅलरीत रडत होत्या, मीही रडले.

घरी न जाता मी थेट धाकटीकडे गेले. कशाला खोटं बोलू, तोरा दाखवायलाच गेले. ती मशीनवर बसली होती. मी हात कसे वर गेले त्याचं साग्रसंगीत वर्णन केलं. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. काम करताना ती नेहमी टाचण्या ओठांत धरते, त्यामुळे तिला बोलता येत नाही, आणि त्या घरात सोळा वर्षं टिकली ती त्यामुळेच. तिथं ऐकलेलं तिनं बाहेर सांगितलं नाही, बाहेरचं तिथं नेलं नाही. पण आता तिनं एकेक टाचणी काढून डबीत ठेवली.

"ताई, चिडू नकोस हं."

"का? काय केलंस?"

"केलं काही नाही गं. बाईसाहेबांच्या कोटाची बाही चुकीची जोडली. डावी उजवीकडे. सोळा वर्षांत पहिल्यांदा. तुझाच विचार डोक्यात होता. त्या आरशात बघून हसल्या, म्हणाल्या, आज लक्ष कुठंय तुझं? मग सांगून टाकलं."

"प्रसूतिगृहाचं?"

"छे! तू नको म्हणाली होतीस ना. एवढंच म्हटलं, माझ्या ताईला जेवण जात नाही, तिला पाच मतं कमी पडतायत."

"मग?"

ती खाली बघत म्हणाली, "त्यांनी तिथूनच साहेबांना हाक मारली. म्हणाल्या, अहो, हिच्या बहिणीला पाच मतं हवीयत, देऊन टाका ना बिचारीला."

बिचारीला! चमचाभर साखर द्यावी तशी मतं दिली! आणि पाच मागितली तर एकतीस दिली, हात सैल सोडला साहेबांनी. मी धाकटीला नाही नाही ते बोलले. ती रडली. मी दार आपटून निघाले आणि रस्ताभर मनात एकच, की तिनं चूक केली तरी तिचं भलं होतं, आणि मी सगळं बरोबर करून बिचारी.

महिनाभरात पुढचा ठराव आला. गाड्यांना जागा तर हवीच होती. प्रसूतिगृहामागं नगरसभेच्या शाळेचं मैदान आहे, माझ्याच वॉर्डात. ते द्यायचं. सहाशे मुलं तिथं खेळतात. मला वाटलं, आता मौनीचा माणूस माझ्याकडे येणार. म्हणणार, ताई, तुमचं काम केलं, आता तुम्ही आमचं करा. काय उत्तर द्यायचं ते मी भाजी चिरता चिरता पाठ केलं. "माझा हात विकाऊ नाही!" असं काही काही. आमचे हे म्हणाले, "अगं, जरा हळू, बोट कापशील."

आठ दिवस वाट पाहिली. कोणी आलं नाही. वही घेऊन मी पुन्हा घरोघर फिरले, तर या वेळी चहासुद्धा होईना. बायकाच दारात येऊन सांगायच्या, हे घरी नाहीत. वहीत एक नाव, माझं.

शेवटी नाक मुठीत धरून धाकटीकडे गेले. म्हटलं, "मागचं विसर. मैदानाचं तेवढं बाईसाहेबांना सांग."

तिनं माझा हात हातात घेतला. "ताई, तुझी शपथ, सांगितलं असतं गं. पण तेव्हा त्यांनी विचारलं, म्हणून मी बोलले. आपण होऊन बोलायची तिथं सोय नाही. बोलले तर दुसऱ्या दिवशी दुसरी येईल शिवायला."

"मग पुन्हा चुकव बाही."

"चुकवून बघितली," ती म्हणाली. "परवाच. त्यांनी नुसती उसवायला सांगितली."

सभेत मी पहिल्या रांगेत बसले. विषय पुकारला गेला. अध्यक्ष म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं?" एकोणसाठ हात वर झाले. मी विरोधात हात वर केला, पुरता ताठ, आणि अध्यक्ष "विरोधात?" विचारतील म्हणून थांबले. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "सर्वानुमते मंजूर. पुढचा विषय."

"अहो, माझा हात मोजा!" मी ओरडले.

सचिव माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "ताई, बसा ना. एकानं काय फरक पडतो?"

मी बसले नाही. हात तसाच वर ठेवून उभी राहिले, पुढचा विषय संपेपर्यंत. कोणी ओरडलं नाही, कोणी बाहेर काढलं नाही, कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मैदान गेलं म्हणून मला रडू यायला हवं होतं. पण देवाशपथ सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आली ती धाकटी. तिला निदान कोणी विचारलं तरी होतं.