मी मॅट बोलतेय, खुशाल पडा

मी मॅट बोलतेय, ज्यूडोची. माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात, मी पाठीवरून. कारखान्यात माझ्या पोटात फोम दाबून भरला, अंगावर हिरवं रेक्झिन चढवलं. मग एका कामगाराने माझ्यावर चार उड्या मारल्या आणि "चालेल" म्हणाला. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

हॉलमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. पहिल्याच आठवड्यात नऊ वर्षांची एक मुलगी आली. पडायची तिला इतकी धास्ती, की सरांनी उचललं की ती त्यांच्या गळ्यालाच लटकायची. "अगं सोड, मला श्वास घेऊ दे!" सर ओरडायचे. महिनाभर ती एकदाही पडली नाही. सर तीनदा पडले.

मग एकदा चुकून पडली, काहीच झालं नाही म्हणून हसली, आणि तिथून गाडी सुसाट सुटली. गरकन वळायची, समोरच्याला पाठीवर घ्यायची आणि धप्पकन माझ्यावर आणून टाकायची. सगळे तिला भिंगरी म्हणू लागले. तिच्या आईला मात्र हे बघवत नसे. ती दारात डोळे मिटून उभी राहायची आणि विचारायची, "झालं का? कोण खाली आहे?"

दहा वर्षांनी राज्य अजिंक्यपदाची अंतिम लढत आमच्याच हॉलमध्ये झाली. समोरची मुलगी अशी दांडगी, की तिच्या पावलांनीच माझा फोम तळाला टेकला. शेवटची काही सेकंदं उरली होती. भिंगरीने वाकून तिला पाठीवर घेतलं, आणि नेमकी तेव्हाच तिच्या स्वतःच्या विजारीची नाडी तुटली! विजार धरावी तर पकड सुटणार. भिंगरीने विजारीवर पाणी सोडलं.

धप्प! पूर्ण गुण! पंचांनी हात वर केला आणि नजर छताकडे वळवली. जाकीट लांब होतं म्हणून अब्रू वाचली.

दारातून आवाज आला, "झालं का? कोण खाली आहे?"

"विजार!" सर ओरडले.

पुढे भिंगरीने सहा वर्षं पदकं आणली. मग गुडघ्याने असहकार पुकारला, तशी ती शिकवू लागली. पण शिकायला आली दोनच मुलं, तीही सख्खी भावंडं. घरी अर्धवट राहिलेली भांडणं ती दोघं इथे पूर्ण करायची. शेवटी हॉलच्या व्यवस्थापकांनी बजावलं, "महिनाअखेर वीस जण दिसले नाहीत, तर हॉल टेबल-टेनिसवाल्यांना देणार." मला डोळ्यांसमोर अडगळीची खोली दिसू लागली.

त्या दिवशी भिंगरी घरी न जाता माझ्यावरच बसून राहिली. आई तिला शोधत आली.

"आई, तूच ये ना शिकायला."

"मी? या वयात पडू?"

"कधीतरी पडशीलच. नीट पड."

आई आली. हनुवटी छातीशी, हात बाजूला आपटायचा, उठून मला वाकून नमस्कार करायचा, असं शिकू लागली. सुरुवातीला ती हात इतका हळू आपटायची, की मला थोपटून झोपवतेय असंच वाटायचं. मी खरंच दोनदा पेंगले.

तीन आठवड्यांनी घराच्या ओल्या जिन्यावर तिचा पाय सटकला. शेजारणी किंचाळल्या. बादली दोन मजले खाली जाऊन फुटली. पण आईने हनुवटी आत घेतली, फाडकन हात आपटला, उठून उभी राहिली आणि सवयीने जिन्याला वाकून नमस्कार केला.

"अहो, हे कुठे शिकलात?" शेजारणींनी विचारलं.

सोमवारी सात जणी आल्या. गुरुवारी तेवीस. त्यातल्या एकीने व्यवस्थापकांनाच माझ्यावर असं आपटलं, की हॉलचा विषय तिथेच मिटला.

आता माझं रेक्झिन चार ठिकाणी उसवलंय. परवा नव्या निळ्या मॅट आल्या. आई त्यांच्यावर एकदा पडली आणि म्हणाली, "या फार टणक आहेत गं. माझी हिरवी इथेच राहू दे." भिंगरीने सुईदोरा आणला आणि मला टाके घातले. ज्यूडोत बरी आहे ती, शिवणात नाही.

तर मंडळी, एकच विनंती. पडायला लाजू नका. मान आत घ्या, हात मोकळा सोडा, आणि उरलेलं ओझं माझ्यावर टाका. मी खालीच आहे.