खंडेनवमीचा सूक्ष्मदर्शक

"एकच वाक्य बोला की, मॅडम. शाळेत विज्ञान हाच माझा आवडता विषय होता आणि तो इंगवले सरांमुळं. बास. पुढचं आम्ही जोडतो." मुख्याध्यापिका संयोगिताबाईंनी मोबाइल स्टँडवर बसवला.

दानेश्वरी हैदराबादला भुईमुगावरच्या बुरशीचा अभ्यास करते. कोल्हापूरजवळच्या या शाळेतून शास्त्रज्ञ झालेली ती एकटीच. तिचं वाक्य प्रवेशाच्या जाहिरातीत जाणार होतं.

खंडेनवमी असल्यामुळे टेबलावर शाळेचा सूक्ष्मदर्शक मांडला होता, झेंडूची माळ घालून. वर्षातून एकदा, पूजेपुरता तो कपाटाबाहेर येई. तिच्या वेळीही असंच होतं. वर्षानुवर्षांच्या कुंकवाची भिंगाभोवती काळपट खपली धरली होती. नारळाचं पाणी सांडून टेबल चिकट झालं होतं, त्यावर माश्या बसल्या होत्या. दानेश्वरीनं खुर्ची मागं घेतली. एरवी ती रोज सडक्या शेंगा हाताळते, तेव्हा तिला किळस येत नाही.

शेजारी फेटा बांधून आणि सत्काराची शाल पांघरून निवृत्त इंगवले सर बसले होते. "बोल की गं दाने. लाजतीया अजून!"

या सरांनी कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींचा प्रयोग तोंडी सांगितला होता. 'पेशी दिसल्या' असं सगळ्या वर्गानं लिहिलं. तिनं एकदा, "सर, दाखवा की," म्हटलं, तर उत्तर आलं होतं, "परीक्षेला बघायला येत न्हाय. लिही गप."

"विज्ञान मला आवडत नव्हतं," ती मोबाइलकडे बघत म्हणाली. "किळस यायची. न बघितलेलं बघितलं म्हणून लिहायचं. मला चित्रकला आवडायची. दिलदार सर काढायला वांगं ठेवायचे आणि आठवडाभर हलवायचे नाहीत. ते सडलं, त्यावर पांढरी लव आली. पोरी ई ई करत पळाल्या. सर म्हणाले, जे हाय ते काढ. मी ती लवही चित्रात काढली. अजून तेच करते."

संयोगिताबाईंनी मोबाइल बंद केला. "अवो, हे कसं चालंल? चित्रकलेचं पद कवाच गेलं आमच्याकडनं. हे कापावं लागंल."

"कापा. दुसरं वाक्य माझ्याकडं न्हाय."

इंगवले सर लालबुंद झाले. "मग वांग्यानं झालीस व्हय गं शास्त्रज्ञ? माझ्या विषयात पैकीच्या पैकी पडल्यात तुला!"

"पडल्यात की, सर. पेशी न बघता." ती उठली. माळ बाजूला ठेवून तिनं वरचं भिंग फिरवून काढलं. रुमालानं कुंकू खरवडलं. "तुम्ही तरी कवा बघितलंसा ह्यातनं?"

सरांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "फुटलं असतं तर पगारातनं कापलं असतं की माझ्या."

तिनं भिंग त्यांच्या हातात दिलं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते खिडकीच्या उजेडात धरलं. काचेत बारीक पांढऱ्या फांद्या पसरल्या होत्या.

"झाडागत दिसतंय काय तरी." आवाज एकदम खाली आला होता.

"बुरशी हाय, सर. बंद कपाटात धरती."

सरांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि काच घासली. उजेडात धरून बघितली. पुन्हा घासली.

"आतल्या अंगाला हाय, सर," ती म्हणाली.

सर घासतच राहिले.