साखळीवरचा हात

नोफ्रेच्या शिडाच्या बोटीचं नाव 'आगेदा' होतं, म्हणजे त्याच्या आईचं नाव. त्यामुळे त्याची बायको कोलोमा भेटेल त्याला सांगायची, "सासूबाई घरातून गेल्या, पण समुद्रात गाठलंच त्यांनी मला. दर उन्हाळ्यात त्यांच्या पोटात झोपते मी." खरं तर सासूसुनेचं फारसं कधी बिघडलं नव्हतं. पण हाती लागलेला विनोद कोलोमा सहजासहजी सोडत नसे.

त्यांच्या गावात, सिउतादेल्यात, सांत जोआनच्या जत्रेत घोडे नाचून झाले, गर्दी पांगली, की हे दोघं 'आगेदा' घेऊन मेनोर्काला वळसा घालायला निघायचे. बेट तसं एवढंसं. घाईच असली तर दोन दिवसांत फेरी पुरी होते. नोफ्रे मात्र महिना लावायचा. उत्तरेचा वारा असला की दक्षिण किनाऱ्याला जायचं आणि दक्षिणेचा असला की उत्तरेला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या किनाऱ्यावरची नेमकी कोणती खाडी, खाडीचा कोणता कोपरा, आणि त्या कोपऱ्यात समुद्रगवत चुकवून वाळूच्या कोणत्या तुकड्यावर नांगर टाकायचा, हे नोफ्रेनेच ठरवावं. जन्मभर त्याने जोड्यांच्या कारखान्यात चामडं कापलं होतं, आणि वाळू निवडतानाही तो तितकाच चोखंदळ असे. झालेली खाडी त्याला पुन्हा नको असायची. "तिथं काय आहे ते बघून झालंय," म्हणायचा.

कोलोमाने यात बोलायचं नाही, असं पहिल्याच वर्षी ठरलं होतं. त्या वर्षी एका खाडीत नांगर कुठे टाकायचा यावरून दोघं इतके भांडले, की आजूबाजूच्या बोटींवरचे लोक पोमादाचे, म्हणजे लिंबू सरबतातल्या जिनचे, पेले हातात घेऊन बघायला बसले होते. संध्याकाळी नांगरलेल्या माणसाला दुसरी करमणूक नसतेच, नव्याने येणाऱ्या नवराबायकोची जुंपली तर तेवढीच. तेव्हापासून नियम झाला, सुकाणू ज्याच्या हातात, खाडी त्याची. नांगर टाकताना कुणी तोंड उघडायचं नाही. कोलोमा पुढच्या टोकावर नांगराच्या साखळीपाशी, नोफ्रे मागे सुकाणूवर. त्याने हात वर केला की तिने साखळी सोडायची. रात्री जेवताना तिने विचारायचं, "उद्या कुठं?" आणि त्याने सांगायचं, "सकाळी वारा बघू." झालं, एवढाच संवाद.

या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं होतं. वसंतात बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या माओ शहरातून एक माणूस येऊन 'आगेदा' बघून गेला. नुसतं बघून नाही, तळाच्या फळ्या उचलून आत डोकावून गेला. "कोण होता?" असं कोलोमाने विचारलं तर नोफ्रे म्हणाला, "ओळखीचा." पुढे ती काही बोलली नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि तेच तिला नको होतं.

मग फेरीला निघाले, तर नोफ्रे सगळ्या जुन्याच खाड्यांत शिरायला लागला. पहिल्या संध्याकाळी सोन साउरा, मग त्रेबालुगेर, मग लग्नानंतर पहिल्यांदा मुक्काम केला होता ती. हा निरोप घेतोय, कोलोमाला वाटलं. एकेका जागेला शेवटचं भेटून घेतोय आणि परत गेलो की बोट त्या माओवाल्याला देऊन टाकणार. लक्षही त्याचं ठिकाणावर नव्हतं. हात वर करायचा तेव्हा खाली गवताचा काळा पट्टा असायचा. कोलोमा वाकून बघायची, बोटीला जरा पुढे सरकू द्यायची आणि खाली पांढरं दिसलं की साखळी सोडायची. नियम मोडला असं तिला वाटलं नाही. तोंड तर उघडलं नव्हतं ना.

आणखी एक होतं. नांगर टाकल्यावर नोफ्रे नेहमी पाण्यातला चष्मा चढवून पाण्यात बुडी मारायचा आणि नांगर कसा रुतलाय ते बघून यायचा. यंदा म्हणे त्याचा कान दुखत होता.

पाइनच्या खाडीत शिरले ते दुपारी. आभाळ भरून आलं होतं आणि पाणी असं मळकट दिसत होतं, की पुढे उभ्या असलेल्या कोलोमालाही तळ दिसेना. त्या खाडीसाठी नोफ्रेची एक खूण होती. किनाऱ्यावरचा पांढरा खडक आणि त्यामागचं वाकडं पाइन एका रेषेत आलं, की खाली वाळू. त्याने डोकं जरा तिरकं करून रेषा साधली आणि हात वर केला. या वेळी कोलोमाने लगेच साखळी सोडली.

कॉफी उकळेपर्यंत एक रबरी बोट शेजारी येऊन थांबली. नांगरांनी समुद्रगवत उपटलं जाऊ नये म्हणून राखणीला उन्हाळ्यात पोरं असतात, त्यांतली एक मुलगी होती.

"काका, तुमचा नांगर गवतात आहे. हलवावा लागेल."

"गवतात?" नोफ्रे हसला. "बाळ, तू जन्मली नव्हतीस तेव्हा मी इथं नांगर टाकून गेलोय. कुणाची गं तू?"

"फोर्नेल्सच्या सेव्हेराची नात."

"मग आजीला विचार, नोफ्रेचा नांगर कधी गवतात पडलाय का. खडक आणि वाकडं पाइन एका रेषेत घेऊन टाकलाय."

"वाकडं पाइन हिवाळ्यातल्या वादळात पडलं, काका," मुलगी हळूच म्हणाली. "ते दिसतंय ते दुसरं. सरळ आहे."

कान विसरून नोफ्रेने चष्मा चढवला, पाण्यात उतरला आणि बुडी मारली. वर आला तेव्हा धापा टाकत होता.

"वाळूच आहे. बघ हवं तर," तो कोलोमाला म्हणाला.

मुलीने कोलोमाकडे पाहिलं. कोलोमाने अंगातला झगा काढला आणि पाण्यात गेली. खाली हातभर उंचीचं गवत एका लयीत हलत होतं आणि त्यावर नांगर कुशीवर आडवा पडला होता. कुठेही रुतलेला नव्हता. वाळू लांब होती, पार पलीकडे. चाळीस वर्षं चामडं कापलेल्या माणसाला हे कळू नये? नोफ्रे खोटं बोलणारा नव्हता. मग तिला एकदम कळलं, आणि पाण्यातसुद्धा तिच्या अंगावर काटा आला.

वर येऊन तिने मुलीला सांगितलं, "गवतच आहे, पोरी. हलवतो आम्ही, तू जा." रबरी बोट लांब जाईपर्यंत ती शिडीला धरून पाण्यातच राहिली. मग म्हणाली, "नोफ्रे, माझ्याकडे बघ."

"बघतोय की."

"काय दिसतं?"

त्याने मान जरा तिरकी केली. मग म्हणाला, "केस दिसतात. कान दिसतात. मागचा डोंगरही दिसतो. मधे तू नाहीस."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. माओचा डॉक्टर म्हणतो, डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे. सुया टोचून थोपवता येतं. गेलेलं परत येत नाही."

"आणि मला सांगत होतास, माओला बोटीच्या कागदांसाठी जातोय."

"कागदांसाठीही गेलो होतो. तो माणूस महिनाअखेरीला येणार आहे. माझं फक्त हो म्हणायचं राहिलंय."

कोलोमाला भयंकर राग आला. ओली तशीच वर आली, टॉवेल घेतला आणि चेहरा पुसताना तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. "मला वाटलं, तुला कंटाळा आला," ती म्हणाली. "बोटीचा, माझा, सगळ्याचा. आणि मी मूर्ख, रोज तुझा हात वर झाला की वाळू बघून साखळी सोडतेय."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"साखळी उशिरा सुटते ते ऐकू येतं मला. डोळे गेलेत गं, कान शाबूत आहेत." तो सुकाणूच्या चाकावरून हात फिरवत होता. "वाटलं, तुला कळलंय आणि तू कीव करतेयस. मग म्हटलं, पुरे. कुणीतरी कीव करून चालवावी, अशी बोट कशाला ठेवायची?"

वाऱ्याची पहिली झुळूक दक्षिणेकडून आली आणि 'आगेदा' खुल्या समुद्राकडे तोंड करून वळली. रात्री इथे लाटा आत येणार हे दोघांनाही कळलं.

"घरी जाऊ," नोफ्रे म्हणाला. "सिउतादेल्याचं बंदर मला झोपेतही सापडेल."

"ऊठ तिथून."

"कशाला?"

"सुकाणू ज्याच्या हातात, खाडी त्याची. ऊठ, पुढे साखळीपाशी जा. आणि त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांग."

फोनचं त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण उठला, आणि कठड्याला धरत धरत पुढे गेला. नांगर वर घेताना साखळीला अडकून आलेली गवताची पाती त्याने चाचपून एकेक सोडवली.

बेटाचं पश्चिम टोक वळून ते उत्तर किनाऱ्याला लागले तेव्हा मागे ढग राहिले होते आणि समोर ऊन होतं. कुठे जायचं याचा कोलोमाला विचार करावा लागलाच नाही. तांबड्या खडकांची एक खाडी होती, तिच्यापुढून दर वर्षी जाताना कोलोमा तिकडे हाताने दाखवायची आणि नोफ्रे नकाराची मान हलवायचा. उत्तरेला उघडी आहे, झोप लागायची नाही, म्हणायचा. आज वारा दक्षिणेचा होता. कोलोमाने काही न बोलता चाक फिरवलं.

खाडीत तीन बोटी होत्या. माणसं पेले घेऊन बसलेलीच होती आणि म्हाताऱ्याला पुढे नि म्हातारीला सुकाणूवर बघून त्यांनी खुर्च्या वळवल्या. समुद्रात कोलोमाने हजारदा बोट चालवली होती, पण जागा निवडायची कधीच नव्हती. पुढे उभं राहून वाळू ओळखणं सोपं. मागून बघताना सूर्याची तिरीप, पाण्याचा हिरवा, पाण्याचा निळा, सगळंच फसवं वाटायला लागलं. एवढं सगळं हा माणूस एकटा करत होता, आणि आपण दर वर्षी जेवताना 'उद्या कुठं' म्हणून मोकळ्या होत होतो.

एक मोठा पांढुरका तुकडा दिसला. तिने वेग कमी केला. मग लक्षात आलं, हात वर करून उपयोग नाही. तिने चाकावर दोनदा थाप मारली. नोफ्रेने साखळी सोडली.

ती बोट हळूहळू मागे घ्यायला लागली. नोफ्रे गुडघ्यांवर बसला आणि ताणल्या जाणाऱ्या साखळीवर त्याने तळहात ठेवला. कारखान्यात चामडं असंच हातात घ्यायचा. डोळ्यांना न दिसणारी खोट अंगठ्याखाली सापडली की तो तुकडा बाजूला टाकायचा. आता त्याने मूठ वर केली. थांब. मग अंगठा वर नेला. नांगर वर घेतो.

पांढरं तर होतं, कोलोमाच्या ओठांवर आलं होतं. शेजारच्या बोटीवर कुणीतरी हसलं. तरी नियम तिने पाळला. पुन्हा वळसा घेतला, थोडं आत गेली, फिक्या हिरव्या पाण्यात, आणि थाप मारली.

साखळी गेली. 'आगेदा' मागे सरकली आणि हिसका खाऊन थांबली. नोफ्रेचा हात साखळीवर होता. त्याने तो उचलला नाही. कोलोमा यंत्राचा जोर वाढवत गेली, किनाऱ्यावरचे खडक जागच्या जागी राहिले, आणि तरी तो तसाच बसून होता. शेवटी त्याने तळहात पँटला पुसला आणि मागे आला.

"मघाशी वरवर वाळू होती, खाली सपाट दगड," तो म्हणाला. "साखळी थरथरत होती. आता शांत आहे. खोल रुतलाय."

"मी बघून येते."

"ये बघून. विश्वास नसला तर."

ती गेली. नांगर दांड्यापर्यंत वाळूत बुडाला होता. वर येऊन तिने तसं सांगितलं आणि नोफ्रे म्हणाला, "ते मला माहीत आहे." इतक्या दिवसांनी त्याच्या आवाजात जुना माज ऐकून कोलोमाला बरं वाटलं.

सूर्य खडकांवर उतरला तेव्हा ते जेवायला बसले. पाव, सोब्रासादाचं मऊ लाल सॉसेज, चीज, आणि शेवटी खरबूज. दक्षिणेचा वारा डोंगरावरून येत होता आणि खाडीत नुसत्या बारीक लहरी उमटत होत्या. माओच्या माणसाचं नाव कुणी काढलं नाही. कोलोमा खरबुजाच्या फोडी करत होती. मुद्दाम हळू करत होती. फोनचं परत काढायचा तिला धीर होत नव्हता.

"उद्या कुठं?" नोफ्रेने विचारलं.

कोलोमाची सुरी थांबली. इतक्या उन्हाळ्यांत हा प्रश्न त्याने कधीच विचारला नव्हता. आणि बोट विकून टाकायला निघालेला माणूस तो विचारत नाही. तिने एक फोड घेतली, त्याचा हात धरून तळहातावर नीट ठेवली आणि हात तसाच धरून ठेवला.

"सकाळी वारा बघू," ती म्हणाली.