चुंगडीतली पातेगळ

गुडघे बोलू लागले म्हणून रोहणा गावचं शेत बटईनं दिलं आणि तानाबाई समुद्रपूरला लेकाकडे राहायला आली. कैलास एसटीत कंडक्टर. लेक गुणाचा, पण त्याचं एकच पालुपद: "माय, तू आता बसून खाय." जिला विचारल्याशिवाय शेतात पेरणीची तिफण हलत नसे, तिला आता भाजी कोणती करायची हेही कोणी विचारेना. बसून खाण्यासारखं दुसरं दुखणं नाही.

दिवाळीनंतर टोपलीतल्या आलूंना कोंब फुटले. कोणी फेकायच्या आत तानाबाईनं ते उचलले. अंगणात दोन रिकाम्या चुंगड्या, म्हणजे पोती, उभ्या केल्या, तळाला भोकं पाडली, काळ्या मातीत रेती आणि शेणखत कालवून भरलं आणि कोंब वर करून आलू पुरले. रोप वाढेल तशी त्याच्या बुडाशी माती चढवत गेली. शेजारची भागीरथा कुंपणावरून खो खो हसायची.

"आपल्या मातीत आलू? काऊन जीवाले त्रास करून राह्यली, बाई?"

"संक्रांतीले तुह्याच ताटात वाढीन," तानाबाईनं ठणकावलं. बोलून बसली खरी. आता आलू निघाले नाहीत तर गल्लीभर हसं, आणि लेकाचं म्हणणं खरं.

रोपं तरारली. कळ्या धरल्या. आणि बघता बघता साऱ्या कळ्या गळून पडल्या! तानाबाई गळलेल्या कळ्या वेचत बसली. उभा जन्म कपाशीत गेलेली बाई. पाते, म्हणजे कपाशीची कळी, गळलं की बोंड नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पुढं पानंही पिवळी पडली. तिला रडू आलं, मग स्वतःचाच राग आला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिनं पदर खोचला. "मेलं ते मेलं," म्हणत, कपाशीची पऱ्हाटी उपटतात तसं एका चुंगडीतलं झाड बुडाशी धरून ओढलं. मजा पाहायला भागीरथा हजरच होती.

झाडाच्या मुळांना आलू लटकत वर आले. थोरले, धाकटे, काही तर चांगले मुठीएवढे! दोन तर घरंगळत थेट कुंपणापाशी गेले.

"अवो माय!" भागीरथेचा आ वासलेला तसाच राहिला.

तानाबाईला हसू आवरेना. "मी वर पातेगळ पाहून रडून राह्यलती, अन् हा गडी खाली बोंडं भरून राह्यलता!"

तेवढ्यात ड्युटीवरून आलेला कैलास दुसरी चुंगडी पालथी करायला धावला.

"थांब!" तानाबाई कडाडली. हातातल्या आलूवर तिनं अंगठा घासला. "हे पाय, साल सुटून राह्यली. कच्चा हाय अजून. उद्याच्या भाजीले एवढे बस झाले. तिले हात लावू नोको."

कैलासनं हात मागे घेतला. "मंग ते कधी काढाचे, माय?"

तानाबाईनं कंबर सरळ केली.

"मी सांगन तवा."