लखलखबाईचा केर

बेकरीवाल्यानं अंड्यांची टोपली कुणाच्या हाती परत पाठवली नाही. स्वतः घेऊन आला, तेच मावशीला जास्त लागलं. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, टोपली ओट्यावर ठेवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं आवाज खाली आणला.

"मावशी, राग मानू नका. अंडी बरबटलेली येतात. धुतली तर टिकत नाहीत आणि न धुता वापरली तर गिऱ्हाईक मला धुतं."

"आमच्या घरची? बरबटलेली?"

"नुसता चिखल असता तर मी बोललो नसतो हो."

आमची आणि मावशीची भिंत एकच. मी कपडे वाळत घालत होते, ते घालतच राहिले. गल्लीत त्या माउलीला लखलखबाई म्हणत, अर्थात माघारी. तिच्या ओट्यावर बसायचं तर माशीसुद्धा पाय पुसून येते, असं लोक म्हणायचे. त्या घरची अंडी घाण म्हणून परत यावीत!

"मग आता कुणाची घेणार?"

"तोवर कोपऱ्यावरच्या काकूंची बघतो," असं म्हणून बेकरीवाला सायकलवर बसला आणि निघाला. पुढं काय होणार, हे त्याला कळलं असावं.

कोपऱ्यावरच्या काकू म्हणजे उकिरडेबाई. हे नाव खुद्द लखलखबाईनं ठेवलेलं. काकूंच्या आवारात पाला, काड्या, सालं, भुसा, सगळं पडेल तिथं पडलेलं. त्यात कोंबड्या गळ्यापर्यंत शिरून उकरत बसायच्या आणि अंडी मात्र पुसून ठेवल्यासारखी.

"त्या बाईची अंडी!" लखलखबाई आत वळली. "सूनबाई, खुराडं नीट झाडत जा म्हणून सांगितलं होतं ना?"

सून पीठ मळत होती. मळता मळताच म्हणाली, "आत्याबाई, खुराडं स्वच्छच आहे. घाण आहे ती पुढच्या आवारात. कोंबडी तिथून चिखलाचे पाय घेऊन येते आणि तशीच अंड्यांवर बसते."

"आवार मी झाडते. रोज. माझ्या हातानं."

"तेच तर म्हणतेय."

बघा, तीनच शब्द. पण त्यानंतर घरात जी शांतता पसरली, ती भिंतीतून पाझरून माझ्या स्वयंपाकघरात आली.

खुराड्यापुढचं जाळीचं आवार लखलखबाई लग्न होऊन आली तेव्हापासून झाडत होती. पहाट फुटली की खराट्याचा आवाज यायचा, खर्र खर्र, जणू अंधारच कुणी झाडून काढतंय. पान राहू द्यायचं नाही, काडी राहू द्यायची नाही. पण खराट्याला केर कुठला आणि माती कुठली हे थोडंच कळतं? रोज थोडी माती केराबरोबर जायची. कडेच्या झाडाची मुळं म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी वर आली होती. आवार मध्ये खोल होत होत ताटलीसारखं झालं होतं. उन्हात दगड, पावसात डबकं. गल्लीचं पाणी तिथं मुक्कामाला यायचं, त्यात कोंबड्यांची शिट मिसळायची आणि वर काळी, हिरवट साय धरायची. कोंबड्या एका पायावर उभ्या राहून दुसरा पाय कुठं टाकावा याचा विचार करत. दोघी लंगडायला लागल्या होत्या. त्या कोंबड्या सुनेनं माहेराहून पिल्लं म्हणून ओच्यातून आणल्या होत्या. अंड्यांचा धंदा सासूच्या नावावर असला तरी कोंबड्यांत जीव सुनेचा होता.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. आधी आईनं त्याला एका बाजूला घेतलं, मग बायकोनं. तो माझ्याकडं विळा मागायला आला तेव्हा म्हणाला, "काकू, आमच्या घरात जमिनीवरून भांडण आहे, आणि जमीन केवढी, तर दोन खाटा मावतील एवढी!"

सुनेचं म्हणणं सोपं होतं. वरची नासलेली साय खरवडून खड्ड्यात टाकायची. खालची जमीन खणून मोकळी करायची. चुना भुरभुरवून ऊन खाऊ द्यायची. मग चांगली माती भरून आवार गल्लीपेक्षा उंच करायचं आणि वर पाला पसरायचा. जाड पसरायचा, आणि झाडायचा नाही.

"झाडायचा नाही?" लखलखबाईनं विचारलं. "म्हणजे त्या बाईसारखं?"

"तिच्या कोंबड्यांचे पाय बघितलेत का?"

"मी तिच्याकडं बघतच नाही."

पण बघितलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी लखलखबाई कोपऱ्यावरून उगाच दोनदा गेली आणि आल्यावर म्हणाली, "करा काय करायचं ते. मी हात लावणार नाही."

कोंबड्यांना लाकडं ठेवायच्या खोपटात कोंडलं. मुलगा आणि सून साय खरवडायला लागले. वास असा सुटला की गल्लीतल्या खिडक्या एकेक करून मिटल्या. खणल्यावर खालची जमीन मात्र तपकिरी निघाली, ओलसर, भाजलेल्या भाकरीच्या पोटासारखी. सून खाली बसून तिच्यावर हात फिरवत राहिली, आजारी लेकराचा ताप उतरल्यावर फिरवतात तसा.

आता भरायला माती हवी होती. मुलगा म्हणाला, नदीकडून आणू.  सुनेनं मागच्या कुंपणाकडं बघितलं.

कुंपणाशी एक टेकाड होतं. लखलखबाईचा सगळ्या आयुष्याचा केर तिथं पडला होता. वर भोपळ्याचा वेल माजलेला, खाली काळीभोर, भुसभुशीत माती. आवारातून गेलेलं सगळं तिथं सुखानं नांदत होतं.

"तो केर आहे," लखलखबाई म्हणाली.

"तुमचाच आहे, आत्याबाई. परक्याचा नाही."

"मी घराबाहेर काढलेला केर परत घरात आणणार?"

"घरात नाही हो, कोंबड्यांत."

पाटी भरायला सुरुवात झाली. मातीतून काय काय निघालं! चमचा निघाला, चाळणीची कडी निघाली, गुंड्या निघाल्या. मग मुलाच्या फावड्याला काहीतरी लागलं आणि हा मिशीवाला बाप्या लहान पोरासारखा ओरडला, "आई! माझी पत्र्याची शिट्टी! हिच्यापायी तू मला झोडपलं होतंस! हरवली म्हणून!"

"मग हरवलीच होती की."

"तू झाडून टाकली होतीस!"

"खाली टाकलीस कशाला?"

त्यानं शिट्टी पुसून फुंकली. आवाजाऐवजी माती आली. सून हसून हसून पाटीवरच बसली. लखलखबाईच्या ओठांचा कोपराही हलला, पण तिनं तो वेळीच आवरला.

त्या दोघांचं पाट्या नेणं असं की निम्मी माती वाटेवर सांडायची. ते बघवेना. "ही काय पद्धत झाली? द्या इकडं." लखलखबाईनं चुंबळ केली, पाटी डोक्यावर घेतली आणि स्वतःच्या हातानं बाहेर टाकलेलं सगळं स्वतःच्या डोक्यावरून परत आणलं. एक कण सांडला नाही. शेवटी आवार समतल करताना ती गुडघ्यावर बसली होती आणि ढेकळं अशी फोडत होती, जणू पाहुण्यांसाठी अंथरूण घालतेय.

पाला पसरला तो दिवस सगळ्यात कठीण. कोंबड्या आत सोडल्या, क्षणभर थबकल्या, मग तुटून पडल्या. पाला उडवला, किडे वेचले, धुळीत लोळल्या. लखलखबाई ओट्यावर हात मांडीखाली दाबून बसली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे खराट्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. धावत बाहेर आले तर बाई गल्ली झाडत होती. आख्खी गल्ली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि जमलेला पाला पाटीत भरून आवारात नेत होती.

हळूहळू गल्ली इतकी लख्ख झाली की वळणावरच्या मोठ्या झाडाखालचा पाला कुणाचा, यावरून उकिरडेबाईशी तिचं रीतसर भांडण झालं. त्यात कुणी कुणाला घाणेरडं म्हटलं नाही. दोघी एकमेकींना चोर म्हणाल्या.

जोराचा पाऊस होऊन गेला. पाणी गल्लीतून सरळ वाहत पुढं निघून गेलं. आवारात डबकं नाही, वास नाही. लंगड्या कोंबड्या पाय टेकवून चालायला लागल्या. मग एके सकाळी बेकरीवाल्यानं सायकल भिंतीला टेकवली. टोपलीतलं एकेक अंडं उचलून उजेडाला धरलं. सून दारात उभी. लखलखबाई त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती, म्हणजे किती बघत होती ते ओळखा.

"वा, मावशी! डाग नाही. आता रोज येतो." तो मनापासून बोलला, आणि मनापासून बोलणारा माणूस नेहमी एक वाक्य जास्त बोलतो. "अगदी कोपऱ्यावरच्या काकूंच्या अंड्यांसारखी!"

सुनेनं डोळे मिटले.

लखलखबाई सावकाश उठली. पदर सारखा केला.

"तिच्यासारखी? तिच्या पाल्यात काड्या असतात, दोऱ्याचा गुंता असतो, वाटेल ते असतं. आमचा पाला निवडलेला आहे. मी बसून निवडते. आमच्या घरचा केरसुद्धा स्वच्छ असतो, लक्षात ठेवा."

बेकरीवाल्यानं कुठं बघावं ते न कळून अंडी मोजायला घेतली. तो गेल्यावर लखलखबाई सुनेला म्हणाली, "उद्या त्या झाडाखाली आपण आधी पोचायचं."

"झाड काय, दिवसभर पानं गाळतं, आत्याबाई. तिलाही मिळतील, आपल्यालाही मिळतील."

"मिळू देत की तिला. पण चांगली चांगली आपण आधी उचलायची."