सात नंबरचे चॅनल

रविवार, दिनांक ८ फेब्रुवारी २०२६. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. एकूण वायरी चौदा. तपासून झालेल्या सहा, राहिलेल्या आठ.

निमगाव केतकीच्या अलीकडे, इंदापूर रस्त्याला लागून असलेल्या एका मंगल कार्यालयाच्या स्टेजवर मी खुर्ची टाकून बसलो होतो. मांडीवर मल्टिमीटर होता, पायाशी वायरींचे भेंडोळे. मुहूर्त बारा पस्तीसचा होता. ऑर्केस्ट्रात माझे काम बेस गिटार वाजवण्याचे. वायरी तपासण्याचे काम मला कोणी सोपवलेले नाही. परंतु पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन चौतीस वर्षे साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काढलेल्या माणसाला न तपासलेली वायर जोडवत नाही. खराब वायरीतून येणारी पन्नास हर्ट्झची घूं माझ्या गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या आणि चौथ्या पडद्याच्या मधे पडते. ती मला झोपेतही ओळखू येते.

माझे नाव झुंबर. ऑर्केस्ट्रात मला सगळे तात्या म्हणतात. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली आणि तेव्हापासून लग्नसराईतली बहुतेक मुहूर्ताची दुपार मी अशा स्टेजवर फेटा बांधून उभा असतो. गिटारचे वजन सव्वाचार किलो आहे. पट्टा डाव्या खांद्यावर येतो. अलीकडे त्या खांद्याला कार्यक्रमानंतर दोन दिवस भाकरी मोडण्याचेही काम सांगता येत नाही. त्या दिवशी सकाळी सणसरहून निघताना आमच्या द्वारकाबाईंनी दारातच विचारले होते, "आवं, ते लाकूड आजून किती वरसं वागवणार हाय तुमी?"

"एवढा सीझन," मी म्हणालो.

"मागल्या सालीबी हेच म्हनला व्हता. तवापास्नं खांदाच तेवढा म्हातारा झालाय का अक्कलबी?"

त्यांच्याशी वाद घालण्याइतका दम माझ्यात नव्हता. शिवाय त्यांचे म्हणणे बरोबर होते.

वायरींची मोजणी झाल्यावर एकेक लाईन मोठ्या स्पीकरवर ऐकून पाहायची असते. हे काम एरवी सूरज करतो. सूरज आमचा साउंडवाला. वय एकोणतीस, हात हुशार, तोंड त्याहून. त्या दिवशी तो कार्यालयाच्या वायरमनबरोबर मीटरच्या खोलीत अडकला होता, म्हणून मीच सुरुवात केली. गायिकेचा माइक, निवेदकाचा माइक, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्डच्या दोन लाइनी; सगळ्या समोरच्या स्पीकरमधून स्वच्छ आल्या. शेवटी मी माझी गिटार जोडली आणि जाड तार छेडली.

माझ्या पाठीमागचा लहान अॅम्प वाजला. मिक्सरवरचा हिरवा दिवा लुकलुकला. समोरचे स्पीकर गप्प राहिले.

मी वायर बदलली. मधली जोडणीची डबी बदलली. परिणाम तोच. तेव्हा मी उठून मिक्सरपाशी गेलो. सात नंबरच्या चॅनलखाली सूरजच्या अक्षरात 'तात्या' असे लिहिलेले होते. त्या चॅनलचे खालीवर सरकणारे बटण अगदी तळाला होते आणि ते चुकूनही वर सरकू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली होती. पट्टीच्या कडांना धूळ बसली होती. तिचा गोंद तपकिरी झाला होता. असा गोंद एका महिन्यात तपकिरी होत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्टेजवर वाजवणाऱ्याला स्वतःचे वाद्य पाठीमागच्या अॅम्पमधून ऐकू येते. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. वाजवता वाजवता त्यांच्या समोर जाऊन उभे राहणे शक्य नसते. म्हणजे मी जे ऐकत होतो ते मला, आणि फार तर ढोलकीवाल्याला, एवढ्यांनाच ऐकू येत होते.

"तात्या, तिथं हात नका—" सूरज मागून म्हणाला आणि थांबला.

"ही पट्टी कवापास्नं हाय?"

"कुठली?"

"सूरज."

त्याने हातातला टेस्टर खिशात ठेवला, पुन्हा काढला. "मागच्या सीझनपास्नं."

"सुरुवातीपास्नं का मधनं?"

"आता काय तारीख काढणार हाय का तुमी?"

"व्हय."

"तुळशीची लग्नं झाल्यावर बारामतीला पयला कार्यक्रम झाला बघा, नवरीला उचकी लागलेली, तो. तवापास्नं."

माझ्याजवळ नोंदवही असते. तारीख, ठिकाण, वाजवलेली गाणी, बॅटरी बदलल्याचा दिवस, एवढेच त्यात असते. उचकीच्या लग्नापासून मी पाने मोजली. एकतीस कार्यक्रम झाले होते. आजचा बत्तिसावा.

खरे सांगायचे तर मला राग आला नाही. रागाला जी ताकद लागते ती शिल्लक नव्हती. मी खुर्चीवर बसलो आणि एवढाच विचार केला, की हा सीझन शेवटचा असेल तर असो, परंतु खाली ठेवण्यापूर्वी एकदा तरी ही गिटार समोर बसलेल्या माणसांपर्यंत पोहोचायला हवी. त्यानंतर खांदा जे म्हणेल ते ऐकायला मी मोकळा होतो.

ऑर्केस्ट्राचा मालक रविराज, अंथुर्ण्याचा. कीबोर्ड वाजवतो. मी सूरजला घेऊन त्याच्याकडे गेलो तेव्हा तो निवेदकाला सत्काराची यादी समजावून सांगत होता.

"तात्या, भांडायचं आसंल तर मंगलाष्टकं झाल्यावर भांडू," सूरजचा चेहरा बघूनच तो म्हणाला. "नवरदेव पारावर आलाय."

"भांडत न्हाय. कारण विचारतोय."

"कारण..." त्याने आवाज खाली आणला. "खडखडायचा हो बेस. पत्र्यावर वाळू वतल्यावानी. बारामतीला पंगतीतली माणसं घास हातात धरून वर बघाय लागली. मग मी डाव्या हातानं कीबोर्डवरच बेस धराय लागलो."

"मला सांगायचं."

"कसं सांगणार? तुमी माझ्या बापाच्या बरुबरीचं. आन तुमी रुसून घरी बसला तर ह्या वायरी कोण बघणार? सूरज? ह्यो तर फ्यूजला नवस बोलतो."

"एकदाच बोललो व्हतो," सूरज म्हणाला. "आन लाइट आली का न्हाय?"

मी हसलो नाही, पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून मान हलवली. एकतीस कार्यक्रम मी वायरींसाठी होतो. हे समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला.

माझी गिटार साधी नाही. तिला तारांची थरथर पकडणारे दोन वेगळ्या जातीचे पिकअप आहेत, आवाजाचा पोत बदलणारे नॉब आहेत आणि एक लहान कळ आहे. कळ वर असली की आतले बॅटरीवरचे सर्किट चालते आणि तीव्र स्वर हवे तेवढे वाढवता येतात. खाली केली की सर्किट बाद होते, फक्त तार आणि लाकूड उरते. एकाच गिटारवर लावणीही सांभाळता येते आणि भक्तिगीतही, म्हणून मी ती घेतली. दोन वर्षांपूर्वी तिचा आवाज मला दबल्यासारखा वाटू लागला. मी तारा बदलल्या. पुन्हा बदलल्या. मग सर्किट चालू करून तीव्र स्वरांचा नॉब शेवटपर्यंत फिरवला, तेव्हा कुठे ती मला पूर्वीसारखी ऐकू आली. ती बरोबर झाली असे मी समजलो.

घरी फायलीत एक कागद आहे. कारखान्याच्या आरोग्य तपासणीत मिळालेला. त्यावर लिहिले आहे : डावा कान, चार हजार हर्ट्झ, पंचावन्न डेसिबल घट. टर्बाइनजवळ काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच असा कागद मिळाला होता. कारखान्यातला प्रत्येक गेज दर सहा महिन्यांनी प्रमाण गेजशी ताडून पाहणारा माणूस मी. स्वतःचा कान मात्र बरोबर आहे असे धरून चाललो. बिघाड गिटारमध्ये नव्हता. मोजण्याच्या साधनात होता.

अकरा वीस झाले होते. आमची गायिका सोनम बारामतीहून नुकतीच पोहोचली होती आणि केसांत गजरा माळत होती. तिचा कान चांगला आहे.

"सोनम, मला तुझा कान पाहिजे," मी म्हणालो. "अर्धा तास."

"कान देते तात्या, फक्त झुमका परत करा."

तिला मी मांडवात, तिसऱ्या रांगेत बसवले. सूरजने चिकटपट्टी सोलली. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. मी तार छेडली.

"अगं बाई," सोनमने तोंड वाकडे केले. "कुणीतरी ताटं घासतंय."

मी सर्किट बंद केले. मागचा पिकअप अर्ध्यावर आणला. तीव्र स्वर कमी केले, आणखी कमी केले. प्रत्येक वेळी ती हाताने खूण करायची : अजून, अजून. माझ्या कानात आवाज घोंगडीखाली चालला होता. मला ते चूक वाटत होते आणि मी ते करत होतो.

"थांबा," ती म्हणाली. "हे. हे छान आहे. पोटात येतंय."

"खात्री?"

"तात्या, मी पोराला आजीकडे सोडून आलेय, खोटं बोलायला वेळ नाही."

तिच्या पर्समध्ये नखांना लावायचा लाल रंग होता. तो घेऊन मी प्रत्येक नॉबच्या त्या जागेवर एकेक ठिपका दिला. यापुढे कानाने ठरवायचे नाही, ठिपक्याने.

मग मी रविराजकडे गेलो. "मंगलाष्टकं मला दे. तुझा डावा हात उचल. बाकीची गाणी तुझी."

"मंगलाष्टकं कशाला? जेवणात एखादं झकास गाणं घ्या की."

"जेवणात सत्कार आसत्यात."

त्याला पटले. आमच्याकडच्या लग्नात कोणतेही गाणे कोणत्याही ओळीला थांबवून कोणाचेही आगमन जाहीर करता येते. फक्त मंगलाष्टके कोणी थांबवत नाही.

"एक अट," रविराज म्हणाला. "मागचा अॅम्प बंद. त्यो सोनमच्या माइकात शिरतो."

"बंद," मी म्हणालो.

बारा पस्तीस झाले. कारखान्याचे संचालक आले, त्यांचा सत्कार झाला. दुसऱ्या पॅनेलचे माजी संचालक आले, त्यांचा त्याहून मोठा सत्कार झाला. तिसऱ्यांनी शुभेच्छा देताना पाणीप्रश्नाचा आढावा घेतला. नवरदेव पाटावर पाय बदलत उभा होता आणि मी गिटार खांद्यावर घेऊन उभा होतो. आमच्या दोघांत त्याचे वय कमी, एवढाच फरक. सव्वाचार किलोचे हळूहळू दहा किलो झाले. मी खाली बसू शकलो असतो. बसलो असतो तर उठलो नसतो.

एक वाजून बावीस मिनिटांनी अंतरपाट धरला गेला. सोनम काळी चारमध्ये गाते. जाड तारेवर चौथा पडदा. तिने पहिला स्वर लावला, रविराजने डावा हात उचलून मांडीवर ठेवला, सूरजने सात नंबरचे बटण वर केले आणि मी तार छेडली.

मला जवळजवळ काहीच ऐकू आले नाही. पाठीमागे अॅम्प नव्हता. गिटारचे लाकूड बरगड्यांना लागून थरथरत होते, एवढेच. मी बरोबर वाजवतो आहे की नाही हे कळायला माझ्याजवळ काही साधन नव्हते. मग माझे लक्ष समोरच्या मोठ्या स्पीकरवर गेले. त्यावर कोणीतरी अर्धी प्यालेली पाण्याची बाटली ठेवली होती. मी तार छेडली की बाटलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उठत. सोडली की पाणी स्थिर होई. चौतीस वर्षे मी न ऐकता, काट्यांकडे बघून यंत्राची प्रकृती सांगितली होती. तसाच त्या बाटलीकडे बघत वाजवत राहिलो.

तिसऱ्या कडव्यात पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने अक्षता असलेली मूठ छातीवर ठेवली आणि क्षणभर तिथेच राहू दिली. बेसमुळे ठेवली की दमला म्हणून, हे मला सांगता येणार नाही. कोणी घास हातात धरून वर पाहिले नाही. पाचव्या कडव्यानंतर टाळ्या झाल्या, ताशा सुरू झाला, अक्षता माझ्या फेट्यावरही पडल्या.

सोनम मागे वळली. "तात्या, आज पायाखाली काहीतरी होतं," ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

सूरजने मिक्सरजवळून हाताने विचारले, ठेवू का वर? निवेदक माइककडे निघाला होता. हातात दुसरी यादी होती. रविराजचा डावा हात कीबोर्डवर परत आला होता. मी पट्टा खांद्यावरून उतरवला आणि सूरजला खूण केली, घे खाली.

त्याने ते हळू खाली घेतले. चिकटपट्टी लावली नाही.

मी खुर्चीवर बसून नोंदवही काढली. आधीच्या एकतीस नोंदी खोडल्या नाहीत. त्यांतली गाणी मी वाजवलीच होती. बत्तिसाव्या नोंदीसाठी एक नवा रकाना आखला आणि घड्याळ पाहून लिहिले :

चॅनल क्रमांक सात, उघडे : नऊ मिनिटे वीस सेकंद.