सुरभीच्या घरची टेनिसची कॅसेट

मी एक जुनी टेनिसची कॅसेट आहे. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची. माझ्या पोटात एक हिरवं मैदान, काडीसारखे दोन खेळाडू आणि एक चौकोनी चेंडू. मित्रांनो, तेवढ्यावर मी अख्खं घर हसवलं.

घाटंजीच्या बाजारातून घनश्यामनं मला लेकीसाठी, सुरभीसाठी आणलं. तो कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं दुरुस्त करायचा. संध्याकाळी केसांतली रुई न झटकताच टीव्हीसमोर बसायचा आणि लेकीला मुळीच सूट द्यायचा नाही. आई विजयमाला चुलीपासून ओरडायची, "अवो, घरातलं लेकरू ते हाय का तुमी?" सुरभी पहिल्यांदा जिंकली तेव्हा मात्र त्यानं गल्लीभर सांगितलं, "पोरीनं मले हरवलं!"

मग कपाशीवर अळी पडली. लागोपाठ हंगाम बुडाले. जिनिंगला कापूस येईना, फाटकाला कुलूप लागलं. घनश्याम वणीला ट्रकच्या गॅरेजात लागला. तिथं चालू इंजिनाच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला. अंगठा आणि दोन बोटं गेली.

घरी आल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. एका दुपारी सुरभीनं मला लावलं आणि रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला. त्याला बटणं दाबता येईनात. तरी गुण त्याचेच वाढत गेले.

"बाबा, तुमी जिंकले!"

तो पडद्याकडे बघत राहिला. "मुद्दाम हरून राह्यली न तू?"

तिनं आपला रिमोट खाली ठेवला.

"कायले वं? कधी सोडलं नाही तू मले. आता बापाची कीव आली?"

डाव्या हातानं त्यानं मला उपसून काढलं. मी पेटीत गेले. बापलेकीचं बोलणंही कामापुरतंच उरलं.

वर्षं गेली. घनश्याम वारला, तेव्हा सुरभी ढाणकीहून, सासरहून आली. तिनं मला पुसून लावलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. ती तशीच, शेजारी दुसरा रिमोट ठेवून, बसून राहिली.

मित्रांनो, तुमच्या मोबाईलवरच्या टेनिसमध्ये खेळाडूचा घामसुद्धा दिसतो म्हणे. ते सारे आमचेच वंशज, सुखात राहोत. पण तुमच्या घरी कुणाचा हात अधू झाला तर त्याच्याशी खरं खेळा. तो चिडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघा.

त्या दुसऱ्या दिवशी मी पेटीत वाट पाहिली होती. कुणी झाकण उघडलं नाही.